कोपऱ्यातला गेंद

“राणेबाई, हे कोपऱ्यातलं रोप कुठून आलं?”

डॉ. लोंढेंनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलताच विचारलं. मी खिडकीपाशी बसून डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधत होते. हात थांबू दिला नाही. विचारणाऱ्याचे डोळे दुसरीकडे असले, की आपला हात थांबवायचा नाही, एवढं अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी शिकले होते.

“सरांनी आणलं तिथूनच,” मी म्हटलं.

“म्हणजे आसोलपाणीच्या मळ्यातून? सगळी रोपं एकाच ठिकाणची ना?”

“लेबलावर आहे तसं.”

“लेबलावर तर तसंच आहे,” असं म्हणून त्यांनी पुन्हा सुया हातात घेतल्या.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिला प्राध्यापक हर्बेरियम म्हणत आणि शिपाई गवताचं गोडाऊन म्हणत. लोखंडी कपाटांत सुकवलेल्या झाडांच्या एकोणीसशे शीटा. झाडं आणली तेंडोलकर सरांनी, शिवली मी. शिवली म्हणजे अगदी सुई-दोऱ्याने. दाबून वाळवलेलं रोप जाड पांढऱ्या कागदावर चार-सहा टाक्यांनी धरायचं आणि उजवीकडे खाली लेबल चिकटवायचं: झाडाचं नाव, गाव, तारीख, कुणी गोळा केलं. माझं नाव त्यात कुठे नसे. साडी कुठून घेतली ते बायका हौसेने सांगतात, फॉल कुणी लावला ते कोण सांगतंय?

सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. झटक्याच्या पंधरा दिवस आधी त्यांनी पुण्याला डॉ. लोंढेंना पत्र टाकलं होतं, की आसोलपाणीच्या मळ्यातला एक गेंद मला नवा वाटतो, तुम्ही येऊन पाहावा. गेंद म्हणजे पाणथळीत उगवणारं बोटभर उंचीचं रोप, टोकाला शर्टाच्या गुंडीएवढं पांढरं फूल. भाद्रपदात आमच्याकडचे कातळाचे सडे त्याने पांढरे होतात. आता त्यातला नवा कोणता आणि जुना कोणता, हे फूल बघून कळत नाही. बी बघावं लागतं, आणि ते बी खसखशीहून बारीक.

डॉ. लोंढे चाळिशीच्या आतल्याच होत्या. बाई हुशार, पण घड्याळाला बांधलेल्या. गुरुवारी सकाळी विभागात पाऊल ठेवलं तेव्हा आधी रविवारच्या रात्रीच्या गाडीचं परतीचं तिकीट दाखवलं आणि मग नाव सांगितलं.

तासाभराने त्यांनी डोकं वर काढलं.

“या मधल्या सात रोपांत काही नाही. नेहमीचाच गेंद. सरांचा अंदाज चुकला.”

“बरं,” मी म्हटलं.

“पण हा कोपऱ्यातला… इकडे या. बघा.”

मी डोळा लावला. पिवळसर काचेचे मणी असावेत तशा दोन बिया आणि त्यांवर आकड्यांच्या उभ्या रांगा, कुणी मोजूनमापून विणल्यासारख्या.

“पंधरा वर्षं मी गेंदच बघतेय. असं बी बघितलेलं नाही. राणेबाई, ही नवी जात आहे!” त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती. “तुमच्या सरांनी हिला हात लावला, आणली, वाळवली, आणि त्यांना पत्ताच नाही. सांगायचं होतं एक आणि सापडलं दुसरंच!”

मी सूक्ष्मदर्शकातून बाहेर येऊन शीट बघितली. क्रमांक अकराशे सव्वीस. मधल्या सात रोपांना हिरव्या दोऱ्याचे टाके होते. कोपऱ्यातल्याला पिवळ्या.

मला एकदम सगळं आठवलं, आणि आठवूनही काही झालं नाही. झोपेत हात अंगाखाली येऊन बधिर होतो ना, तसं. आपलाच हात, पण चिमटा काढला तर दुसऱ्याला काढल्यासारखा.

*

दुपारी डॉ. लोंढे म्हणाल्या, सरांना सांगायला जाऊ. सरांचं घर कॉलेजच्या मागेच, दहा मिनिटांवर. सर पलंगावर टेकून बसलेले. तोंड डावीकडे ओढलेलं, डावा डोळा मात्र पूर्वीसारखाच लख्ख.

डॉ. लोंढेंनी सरांचा अंदाज चुकल्याचं सांगितलंच नाही. शहाण्या होत्या. “सर, शीट अकराशे सव्वीसवर नवी जात आहे,” एवढंच म्हणाल्या. “तिला तुमचं नाव देणार आहे.”

सरांच्या घशातून काहीतरी आवाज आला. डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. वहिनींनी पदराने पुसलं आणि त्यांना हलवून म्हणाल्या, “ऐकलंत का? चाळीस वर्षं नुसता चिखल आणलात घरात. एकदाचं काहीतरी उगवलं त्यातून!”

“आपलं नाव आपण होऊन द्यायची रीत नाही आमच्यात,” डॉ. लोंढे वहिनींना समजावत होत्या, “दुसऱ्याने द्यायचं असतं.”

“आमच्यातही नाही,” वहिनी म्हणाल्या. “बारशाला नाव आत्याने ठेवायचं. तुम्ही आत्या.”

त्यांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. सरांच्या जिभेवर चिमूटभर. मग मला म्हणाल्या, “आणि तुम्ही हो राणेबाई, गप्प का? जन्मभर टाके घातलेत त्यांच्या झाडांना. तुमचाही वाटा आहे हो यात.”

मी साखर तोंडात टाकली. ती गोड होती एवढं कळलं.

*

आता पिवळ्या दोऱ्याचं सांगते.

मी शीट शिवून दिली की सर ती हात लांब करून धरत आणि डोळे बारीक करत. कधी नुसती मान हलवत. कधी म्हणत, “डावीकडे रिकामं वाटतंय, राणेबाई.” यापुढे काही म्हणत नसत. मला मात्र ते केळीच्या पानासारखं दिसायचं. भात-वरण कितीही बेताचं वाढा, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड नसली की पान उघडंबोडकं दिसतं, आणि वाढणारणीचं लक्ष नव्हतं हे पंगतीला कळतं. म्हणून मग मी वाळवणाच्या दुसऱ्या घडीतून तसंच दिसणारं एखादं रोप काढायची आणि कोपऱ्यात बसवायची. कधी ते त्याच गावचं असे, कधी शेजारच्या. गवतासारखं गवत. सर खूष होत. “आता कसं भरल्यासारखं वाटतं,” म्हणत. ते कुठून आलं असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. असे कोपरे किती भरले ते मला तेव्हाही पाठ होतं, आजही आहे. एकेचाळीस.

अकराशे सव्वीसचा कोपरा भरला तेव्हा जवळ दुसरा गेंद नव्हता. पण त्याच वर्षी मी गौरीला माहेरी जाऊन आले होते. आमचं कोळंबखोल आसोलपाणीहून चाळीस मैल दक्षिणेला. घराच्या मागे एक तळी, तिच्यापलीकडे केवड्याचं बन, वाळूची टेकडी, आणि टेकडी उतरलं की समुद्र. तीनशे पावलांवर खारं पाणी, पण तळीचं गोड. उन्हाळ्यात ती आटे, पावसात म्हशी बसत. तिच्या काठाला मी एक गेंद उपटला होता. सरांसाठी वगैरे नाही. सवयीने. पंचांगात दाबून आणला होता, तो कामाला आला. हिरवा दोरा संपला होता.

म्हणजे आसोलपाणीच्या मळ्यात तो गेंद कधी उगवलाच नव्हता. आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही तो शोधायला जीपने आसोलपाणीला निघालो.

*

डॉ. लोंढेंना ताजी रोपं हवी होती. वाळक्या एका रोपावरही जात जाहीर करता येते, पण जिवंत सापडली तर किती आहेत, कशात वाढतात, शेजारी काय आहे, सगळं लिहिता येतं. आणि मग तहसीलदारापासून वनखात्यापर्यंत कागद पाठवून ती जागा राखायला सांगता येतं. हे त्यांनी जीपमध्ये मला नीट समजावलं. मी नीट ऐकलं.

मळा मोठा होता. घोट्यापर्यंत पाणी, वर ऊन. डॉ. लोंढेंनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, काठीने चौकोन पाडले आणि वाकून एकेक चौकोन बघायला लागल्या. गेंद हजारोंनी होते. सगळे नेहमीचे.

अकराच्या सुमाराला बांधावरून म्हशी घेऊन एक म्हातारी आली आणि आम्हाला बघत उभीच राहिली.

“काय गो बायांनो, काय हरावला? सोना?”

“गवत शोधतंव,” मी म्हटलं.

“गवात? मगे आमच्या म्हशीक इचारा. ती रोज खाता, तिका बरा ठावक.” मग डॉ. लोंढेंकडे हनुवटी करून, “ही खंयची?”

“पुण्याची.”

“पुण्यात गवात नाय?”

डॉ. लोंढेंना बोली कळली नाही पण त्या हसल्या. म्हातारी गेली. त्या कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“राणेबाई, एक विचारू? तुम्ही खाली बघतच नाही आहात.”

“कंबर धरलीय,” मी म्हटलं.

“मग बांधावर बसा. उगाच कशाला चिखल तुडवता?”

मी बांधावर बसले. तिथून त्यांची पाठ दिसत होती. चार वाजेपर्यंत ती पाठ वाकलेली होती. मधे एकदा त्यांनी डबा खाल्ला, तोही उभ्याने. मी मोजत होते. छप्पन्न चौकोन झाले त्यांचे. आपल्याला माहीत असलेली वस्तू दुसरं कुणीतरी नसलेल्या ठिकाणी शोधतंय, हे नुसतं बघत बसायला फारसं अवघड नसतं. पहिल्या तासाला असतं. मग नाही.

परतताना त्या दमल्या होत्या, पण तोंड चालू होतं.

“मिळेल. उद्या पुन्हा येऊ. नाही मिळालं तर लिहायचं, की मूळ ठिकाणी शोधूनही आढळली नाही, बहुधा नष्ट झाली. काय करणार? पण निदान सरांचं लेबल आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.”

“म्हणजे?”

“अहो, लोक काय काय करतात! एका गृहस्थांचा संग्रह होता, नाव नाही सांगत. आयुष्यभराचा. त्यात दोन शीटांवर गाव चुकीचं निघालं. दोनच. मुद्दाम केलं की चुकून, कुणाला कळलं नाही. पण एक खोटं निघालं की पुढच्यांनी खरं कशावर मानायचं? सगळाच्या सगळा संग्रह माळ्यावर टाकला. आता तो कुणी उघडतही नाही.” त्यांनी पायाचा चिखल पुठ्ठ्याने खरवडला. “तेंडोलकरांचं मात्र आम्ही मुलांना उदाहरण देतो. एकोणीसशे शीटा, एकीवरही बोट ठेवायला जागा नाही.”

मी बाहेर बघत होते. सुरूची झाडं मागे जात होती.

*

संध्याकाळी एस.टी. स्टँडवरच्या बूथमधून मी माहेरी फोन लावला. काठाला गेंद आला आहे का, एवढंच विचारायचं होतं. भाऊ भेटला. बाबल, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा.

“गे बाये, तूच फोन केलंस तां बरा झाला! सोमवारी डंपर येतत. मागची तळी भरून काढतंय.”

“कित्याक?”

“आता होमस्टे म्हटल्यार लोक गाडये खंय लावतले? माझ्या डोक्यार? पार्किंग व्हया मा!”

“चार दिस थांब.”

“थांबू खंय? पितृपाख लागलो काय आवशीक खपाचा नाय, काय नवीन करूक दिवची नाय ती. त्याच्या आधी भरणी पडूक व्हयी. डंपरवालो पण सोमवारच म्हणता.” आईचा तो हट्ट मला ठाऊक होता. मग त्याला शंका आली. “कित्याक थांबू? काय आसा तळयेत?”

“काय नाय.”

“बेडूक आणि डास आसत. तुका व्हये तर पिशयेत भरून धाडतंय!” तो आपल्याच विनोदावर हसला. “दिवाळीक येतलंस ना? बघ, वळखूक येवचा नाय.”

फोन ठेवला तेव्हा काचेत माझा चेहरा दिसला. नेहमीसारखाच होता.

पुढचं लिहायला दोन ओळी पुरतात. शनिवारी सकाळीही आसोलपाणीत काही मिळालं नाही, आणि रविवारी डॉ. लोंढे शीट अकराशे सव्वीस खोक्यात घालून, मांडीवर घेऊन पुण्याच्या गाडीत बसल्या. मी त्यांना वाटेसाठी घावणे बांधून दिले. त्या म्हणाल्या, “तुम्ही नसता तर सरांचं काही टिकलं नसतं.” गाडी सुटली. सोमवारी बाबलकडे एकवीस डंपर लाल माती पडली, असं त्याने नंतर सांगितलं. तो असल्या गोष्टी नेमक्या सांगतो, ते आमच्या घराण्यात आहे.

पुढच्या माघात निबंध छापून आला. त्यात पिवळ्या टाक्यांचं रोप, त्याचं मोठं चित्र, बीचा फोटो, आणि सरांचं नाव लागलेलं लॅटिन नाव. ठिकाण: आसोलपाणी. शेवटी लिहिलेलं, की कसून शोधूनही पुन्हा आढळली नाही. वहिनींनी ते पान चौकटीत बसवून पलंगासमोर लावलं. मी गेले की त्या तक्रार करत, “डॉक्टर म्हणतात, डाव्या हाताने लिहायचा सराव करवा. मी पाटी पुढे धरते तर हे मान फिरवतात. एकदाच काय ते लिहिलंनीत, पाणी. त्यानंतर पेन्सिलीला बोट लावलेलं नाही. तुम्ही सांगून बघा ना, तुमचं ऐकतात.” मी सांगून बघत असे. सर चैत्रात गेले.

कोळंबखोलला मी त्या दिवाळीत गेले होते. तळीच्या जागी चार मोटारी उभ्या होत्या. वळखूक येत नव्हतं, बाबल म्हणाला होता तसं. केवडा तेवढा ठेवला होता त्याने, पाहुण्यांना आवडतो म्हणून. मी मोटारींच्या मधून फिरून आले. चपलांना लाल माती लागली, ती पायरीवर झाडली.

अजूनही दर भाद्रपदात कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाची मुलंमुली आसोलपाणीला येतात. सरांचा गेंद शोधायला. मी निवृत्त झाले तरी त्यांना माझं नाव कुणीतरी सांगतं. घरी येतात, चहा घेतात, वाट विचारतात. मी कागदावर मळ्याचा नकाशा काढून देते. बांध कुठे, पाणी कुठे खोल, म्हशींपासून जपा. मुलं हुशार असतात, खाली बघून शोधतात.

*

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की बाई सरांसाठी गप्प बसली. एकोणीसशे शीटा, आजारी माणूस, त्याचं नाव. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं, आणि तसं वाटून घ्यायला चांगलं असतं. पण शनिवारचं मी मघाशी अर्धंच सांगितलं. सकाळचं सांगितलं, दुपारचं गाळलं.

शनिवारी दुपारी डॉ. लोंढे विश्रामगृहावर झोपल्या तेव्हा मी सरांकडे गेले. वहिनींनी दार उघडलं. “बसा त्यांच्याजवळ, मी तेवढ्यात पेज उतरवते. आणि बघा, आज शेजारच्या मुलीची पाटी मागून आणलीय. डाव्या हाताने काही जमतं का बघू या.” पाटी सरांच्या मांडीवर होती, पेन्सिल सुतळीने बांधलेली.

मी स्टूल ओढलं आणि सांगितलं. सगळं. आधी टाक्यांचा रंग, मग कोपरा, मग पंचांग, मग तळी, मग सोमवारचे डंपर. दुसऱ्या कोपऱ्यांचंही सांगितलं, एकेचाळीस आकड्यासकट. लोंढेबाईंनी जीपमध्ये सांगितलेली त्या गृहस्थांच्या संग्रहाची गोष्टही सांगितली, म्हणजे काय होईल ते त्यांना कळावं. आवाज खाली ठेवला होता. आत वहिनी पळी आपटत होत्या.

सर ऐकत होते. डावा डोळा हलत नव्हता. मला वाटलं ते चिडतील. चिडावं असं वाटत होतं. त्यांनी रागाने पाटी फेकली असती, तर मी तुकडे गोळा केले असते आणि मोकळी झाले असते.

त्यांनी डावा हात पुढे केला आणि पेन्सिल धरली. मुठीत, पहिलीतलं पोर धरतं तशी. एक काना काढायला त्यांना किती वेळ लागला! अनुस्वार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जागेवर बसला. पाटी सरकत होती म्हणून मी तिची कड धरली.

सांग.

मी वाचलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं नसेल असं वाटून त्याच्याखाली पुन्हा लिहायला लागले. या वेळी जास्त जोर देऊन, पेन्सिल करकरली. सांग. मग तोच हात उचलून त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या फोनकडे दाखवलं. फोनशेजारी डायरी होती आणि तिच्यात विश्रामगृहाचा नंबर असणार, सरांच्या घरी सगळं जागच्या जागी असे. चार पावलं होती. मी मोजली.

अडीच वाजले होते. जीपने कोळंबखोल दीड तास. उजेड साडेसहापर्यंत.

मी स्टुलावरून उठले नाही. चाळीस वर्षांचं नाव ज्याचं जाणार होतं, तो माणूस सांग म्हणत होता. आणि मी विचार करत होते, की लोंढेबाई मला विचारतील, “कशासाठी केलंत हो हे?” तेव्हा कोपरा मोकळा दिसत होता असं सांगताना माझं तोंड कसं दिसेल. विभागातली मंडळी ऐकतील. शिपाई ऐकेल. जिच्या टाक्यांवर कुणी बोट ठेवलं नाही, ती राणेबाई.

आत पेजेचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. वहिनींची पावलं वाजली.

मी सरांच्या मांडीवरून पाटी घेतली आणि पदराने पुसली. दोन्ही ओळी. सरांनी ती धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या हातात जोर नव्हता.

“काय, काय? लिहिलंनीत काही?” वहिनी दारातूनच म्हणाल्या. “बघू!”

“पाणी मागतायत,” मी म्हटलं.

“अगो बाई! लिहून मागितलंनीत?” त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. धावत गेल्या, तांब्याचा पेला घेऊन आल्या, सरांची मान हाताने उचलून पेला ओठांना लावला.

सर माझ्याकडे बघत होते. ओठ मिटून घेतील असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते पाणी पिऊ लागले. थोडं हनुवटीवरून ओघळलं, पण थांबले नाहीत. पूर्ण पेला प्यायले, आणि पिईपर्यंत त्यांनी डोळा माझ्यावरून काढला नाही.

“बघा,” वहिनी रिकामा पेला मला दाखवत म्हणाल्या, “किती तहान लागली होती!”